पान चार आणि शेवटचा बाक

काल माझी पत्रकं छापून आली. ओल्या शाईचा वास आला आणि मी मनानं थेट लातूरच्या जुन्या क्लासात जाऊन बसले. तिथं दर सोमवारी मार्कांप्रमाणे बाक बदलत. मी पहिल्या बाकावर होते. सरांनी तसाच वास येणाऱ्या ताज्या नोट्स वाटल्या. "संकल्पना पान चारवर हाय. पाठ करा."

मी उभी राहिले. "सर, शब्दकोशात बघितलं. संकल्पनेतल्या कल्पना शब्दाच्या मुळाशी रचणं, घडवणं हाय. मग पाठ कशी करायची? आपली आपण रचायची ना?"

"लई शहाणी झालीस! शब्दकोश परीक्षेला येत न्हाई. जा शेवटच्या बाकावर."

माझे अब्बा उदगीरचे गवंडी. भूकंपानंतर त्यांनी पडलेल्या गावांत घरं बांधली. वीट उचलण्याआधी ते रिकाम्या जागेत फिरून म्हणत, "इथं चूल, इथं दार." ते घर त्यांनी कुठं पाठ केलं होतं?

दफ्तर उचलून मागं जाताना लाजेनं माझे कान तापले होते. आज त्या बाकाचा अभिमान वाटतो. पान चारवर काय होतं ते मला आठवत नाही. या पत्रकातली ओळ न् ओळ मात्र मी रचलीय, आणि खाली माझं नाव घातलंय.