सही घेणाऱ्या सिस्टर

गडचिरोलीच्या जंगलातल्या या दवाखान्यात आमच्या सिस्टरांचा एक नियम आहे. ऑपरेशनच्या कागदावर सही करायची, तर पेशंटने आधी एक तरी प्रश्न विचारायचा. माझ्या बायकोच्या शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी बराच विचार करून विचारलं, "डाक्टर जेवला का?" सिस्टर खरंच बघून आल्या. "जेवले. लावा आता आंगठा."

मी बीडचा, सातवीत शाळा सोडलेला, इथं रस्त्याच्या कामावर आलेला. बायकोच्या पोटात गाठ निघाली. कागद बघून मी घाबरलो आणि घाईने मीच पेन उचललं. सिस्टरांनी ते काढून घेतलं. "काऊन भाऊ, पोट तुमचं हाय का?" अख्खा वॉर्ड हसला.

बायको हळूच म्हणाली, "गाठीसंगं पिशवी तर न्हाई ना काढणार? मला अजून लेकरू पाहिजे."

सिस्टरांनी डॉक्टरांना बोलावून 'गर्भपिशवी काढायची नाही' असं कागदावर लिहायला लावलं. बायकोने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, मगच सही केली.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांच्या आधी सिस्टरच धावत आल्या. "गाठ निघाली भाऊ! पिशवी जाग्यावर हाय!"

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो.

"मले काऊन?" त्या हसत बाजूला झाल्या. "विचारलं कोनं? तिले भेटा जा."