खाऱ्या विहिरीचे चणे

ऑफिसात माझी ख्याती वसईची केळी फुकट आणणारा माणूस अशी होती. केळी संपली की मी वसईचा एकोपा वाटायला घ्यायचो. चहाच्या वेळी गिरगाव-परळची मंडळी नळाबद्दल आणि घरमालकाबद्दल कुरकुरायला लागली, की मी खुर्ची मागे रेलून सुरू करायचो, "आमच्या वसईत, पापडीला या एकदा. बागा आहेत, विहिरी आहेत. दाराला कडी लावायची पद्धत नाही. एकाच्या घरी दुखलं-खुपलं तर सगळी आळी धावून येते."

यातलं शेवटचं वाक्य अक्षरशः खरं होतं. आळी धावून यायची. दुखणं कुठवर आलंय, डॉक्टर कोणता बोलावलाय आणि एवढा मोठा डॉक्टर बोलवायची ऐपत यांना कधीपासून आली, हे बघायला यायची. पण इतक्या तपशिलात ऑफिसात कोण शिरतो.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. विरार-नालासोपाऱ्याला भातशेतीत पाट्या उभ्या राहायला लागल्या होत्या, 'निसर्गरम्य शांत जीवन' अशा. ते शांत जीवन म्हणजे चिखलात उभ्या तीन इमारती आणि पाण्याचं आश्वासन. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी तिकडे फ्लॅट बघत होता. मी त्याला म्हटलं, "फ्लॅट नंतर बघ. आधी आमच्याकडचा एकोपा बघ. मे महिन्यात आमच्या घरची लदीन आहे, त्या दिवशी ये."

लदीन म्हणजे संध्याकाळची प्रार्थना. मे महिन्यात आमच्या कॅथलिक आळ्यांमधून ती रोज क्रुसापाशी होते. क्रुसाला फुलांच्या माळा, समोर चटया, भजनं आणि गाणी, आणि शेवटी चणे. रोजची पाळी एका घराची. त्या घराने क्रूस सजवायचा आणि चणे उकडून, त्यात ओल्या खोबऱ्याचे तुकडे घालून सगळ्या आळीला वाटायचे. प्रार्थना सगळ्यांची तीच असते, त्यामुळे तिच्याबद्दल बोलण्यासारखं काही उरत नाही. बोलायचं ते चण्यांबद्दल. कोणाचे मऊ, कोणाचे गाळ, कोणी खोबऱ्यात हात आखडला, कोणाच्या चण्यात खडा लागला. वर्षभर एकमेकांच्या बांधावरून फणस उतरवणारी माणसं शनिवारी चर्चमध्ये पापनिवेदन करून मोकळी व्हायची. चण्यातल्या खड्याला मात्र क्षमा नव्हती.

त्यातून आमच्या आळीला नावं ठेवायचं वेड होतं. खरोखरीची नावं. बाप्तिस्म्याचं नाव रजिस्टरात राहायचं. आळीने दिलेलं नाव नातवंडांपर्यंत जायचं. कोपऱ्यावरच्या घराला 'उलटी होडी' म्हणायचे. त्या घरातल्या कोणा पूर्वजाने छपराचा आकार चुकवला होता म्हणे. तो पूर्वज मेला, छप्पर बदललं, कौलं जाऊन वर स्लॅब आला, तरी त्या घरातल्या तान्ह्या मुलीला आळी 'होडीवाल्यांची' म्हणत होती.

आमचं लग्न झालेलं त्या वर्षी जानेवारीत. बायको शाळेत शिकवायची, चांगली शिकलेली होती, आणि हे आळीला पहिल्या दिवसापासून खुपत होतं. लदीन म्हणजे नव्या सुनेची परीक्षा. ते चणे तिने केलेले असणार हे सगळ्यांना ठाऊक. ते बिघडले, तर तिला जे नाव पडेल ते घेऊनच तिला त्या आळीत म्हातारं व्हायचं होतं. तिला हे माझ्या आईने सांगितलं होतं, आईला तिच्या सासूने. आमच्याकडे धीर द्यायची पद्धत ही अशी.

आता विहिरीचं सांगायला हवं. आमच्या परसातल्या विहिरीचं पाणी होळी झाली की खारं व्हायचं. भांडी घासायला ठीक, बाकी कशाच्या कामाचं नाही. गोडं पाणी होतं कुंपणापलीकडच्या मावशीच्या विहिरीला. मावशी म्हणजे नात्याची कोणी नव्हे. माझ्या वडिलांचं आणि तिच्या नवऱ्याचं केळीच्या एका बेटावरून भांडण झालेलं. केळ तिच्या हद्दीत लावलेली, पिल्लं आमच्या हद्दीत फुटलेली. घड कोणाचा, यावरून दोघे मरेपर्यंत बोलले नाहीत. मग ते मेले, केळही मेली आणि अबोला आमच्याकडे वारशाने आला. घरात दुसरं वाटण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो मी नीट सांभाळला. बायकांना मात्र त्यात सूट होती. आई रोज तिच्या विहिरीवरून पाणी आणायची, आता सूनही आणायला लागली होती. मी ते पाणी प्यायचो आणि मावशीशी बोलत नव्हतो. याला आमच्यात स्वाभिमान म्हणतात.

त्या मे महिन्यात बायकोला दिवस गेलेले. आईने तिला हंडा उचलायला बंदी केली होती, प्यायची कळशी तेवढी ती आणायची, आणि आईची स्वतःची कंबर धरलेली. लदीनच्या आदल्या दिवशी बायको मला म्हणाली, "चणे भिजत घालायचेत. उद्या शिजवायलाही लागेल. मावशींच्या विहिरीवरून चार हंडे आणून द्याल का?"

"त्यात काय," मी म्हणालो.

दोन हंडे घेऊन मी कुंपणापर्यंत गेलो. मावशी विहिरीच्या काठावर बसून सुके बोंबील निवडत होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आता मला नुसतं 'पाणी घेऊ का' एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द तोंडातून काढायचे, तर वडिलांचा अख्खा जन्म वाया जाणार होता. मी हंडे खाली ठेवले, कुंपणालगतच्या केळीचं एक पान उलटं करून पाहिलं, दुसरं पाहिलं, काहीतरी रोग पडलाय अशी मुद्रा केली आणि हंडे उचलून परत फिरलो. घराला वळसा घातला आणि आमच्याच विहिरीवर रहाट फिरवला.

माझं गणित साधं होतं. चण्यांना काय कळतंय. नाहीतरी त्यात मीठ घालायचंच आहे, तेवढं मीठ वाचेल.

हंडे स्वयंपाकघरात ठेवताना बायको म्हणाली, "मावशी काही म्हणाल्या?"

"काही नाही," मी म्हणालो. हेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात तीन दगडांवर मोठं तपेलं चढलं. बायको शेजारी बसून मधून मधून एक चणा काढायची, बोटांनी दाबून बघायची आणि पुन्हा जाळ सारायची. नारळाच्या झावळ्या संपल्या, करवंट्या संपल्या. चणे जसेच्या तसे. आई येऊन बघून गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, "रात्री भिजत घातलेले ना गं बाय?"

"हो."

"नीट?"

"पाण्यात, आई. दुसरं कशात घालणार?"

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "शाळेत शिकवतात वाटतं हे बोलायला."

मी अतिशय मदत केली. जाळ कमी आहे म्हणालो, मग जास्त आहे म्हणालो. वाण्याने जुने चणे गळ्यात मारलेत म्हणालो. शेवटी खाण्याचा सोडा आणून टाकला. सोड्याने एवढंच झालं की चण्यांची सालं निघून वर तरंगायला लागली आणि आत चणे तसेच राहिले, उघडे आणि निगरगट्ट. बायकोने एक चणा दाताखाली धरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, धूर.

एवढ्यात माझा सहकारी येऊन पोचला. पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. अंगणात पाऊल टाकताच तो म्हणाला, "वा. काय शांतता आहे रे."

संध्याकाळी आळी जमली. माझ्या सहकाऱ्याला पुढे चटईवर बसवलं. प्रार्थना झाली, गाणी झाली. गाताना आमच्या आळीचा आवाज असा काही लागतो, की ऐकणाऱ्याला वाटावं या माणसांनी एकमेकांवर कोर्टात दावे लावलेच नसतील. सहकारी डोळे मिटून डोलत होता. मग चणे फिरले. बदामाच्या पानांचे द्रोण, त्यात चणे. बायको स्वतः वाटत होती, मान खाली घालून.

आधी कुठूनसा एक कडकन आवाज आला. मग दुसरा. मग सगळी आळी चावायला लागली, आणि ओल्या शेंगा फोडतात तसा नाही, खडीच्या रस्त्यावरून बैलगाडी जाते तसा आवाज झाला. दात नसलेल्या म्हाताऱ्यांनी चणे जिभेवर घोळवले आणि सभ्यपणे खिशात ठेवले. पोरांनी द्रोणातले चणे उचलून एकमेकांना मारायला सुरुवात केली. ते नेम धरून मारण्याइतके चांगले लागत होते.

आमच्याकडे लगेच बोलत नाहीत. आधी कीव करतात.

"पहिलीच वेळ आहे बिचारीची," एक काकी म्हणाली.

"शिकलेल्यांना कुठे वेळ असतो," दुसरी म्हणाली.

"होतं असं. माझ्या जावेच्या सुनेचेही राहिलेले कच्चे. पण तिला निदान वाईट तरी वाटलं."

उलट्या होडीतला म्हातारा सर्वांत खूश दिसत होता. त्याच्या घराला एवढ्या वर्षांनी सोबत मिळणार होती. तो चणा चिमटीत धरून उजेडात बघत म्हणाला, "ही तर गोळी आहे. बंदुकीत घालावी अशी. गोळीवाल्यांची सून म्हणायची का मग हिला?"

तीन-चार जण हसले. नाव जमत आलं होतं. अजून कोणी एकदा म्हटलं असतं, की बसलंच असतं. बायको रिकामं ताट घेऊन क्रुसाशेजारी उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. आईही माझ्याकडे बघत होती, पण वेगळ्या कारणाने. असली सून कुठून शोधलीस, अशा नजरेने. मी घसा खाकरला. बोलायचं एवढंच होतं, की पाणी मी आणलं. त्याऐवजी मी म्हणालो, "त्या वाण्याकडून यापुढे काही घ्यायचंच नाही."

माझा सहकारी तेवढ्यात मोठ्यांदा म्हणाला, "छान आहेत हो. तुमच्याकडे असे कुरकुरीतच करतात का?"

मागच्या चटईवरून मावशी उठली. ती दरवर्षी यायची, मागे बसायची आणि आमच्या घरचे चणे घेऊन आमच्याकडे न बघता जायची. ती पुढे आली. तिने तोंडातला चणा तळहातावर काढला आणि सगळ्या आळीला दाखवला.

"खारं पाणी," ती म्हणाली. "खाऱ्या पाण्यात जन्मभर उकळत ठेवा, चणा शिजायचा नाही. पोरीला कशाला बोलता? पोरगी रोज माझ्या विहिरीवरून पाणी नेते. काल हा आलेला." तिने बोट माझ्याकडे केलं. "हंडे घेऊन कुंपणापर्यंत आला. केळी बघून गेला. मला वाटलं, केळींना पाणी घालायला आलाय."

आमच्या बोलीत हे याच्या निम्म्या शब्दांत होतं आणि दुप्पट झोंबत होतं.

आळी हसली. म्हातारे हसले, पोरं हसली, प्रार्थना सांगणारा शिक्षक हातातल्या पुस्तकाआड हसला. माझी आईही हसली, हे मी विसरलेलो नाही. कोणी असं समजू नये की मावशीने सुनेची बाजू घेतली. तिने केळीच्या घडाचा वचपा काढला. इतकी वर्षं ती संधी शोधत होती आणि ती मी हंड्यातून तिच्या दारात नेऊन ठेवली होती. पण सुनेला त्याने काय फरक पडतो. 'गोळीवाले' हे नाव तिथल्या तिथे मेलं, आणि प्रार्थनेच्या चटया गुंडाळून व्हायच्या आत मी 'खारा' झालेलो होतो. खाऱ्याचं घर, खाऱ्याची आई. पुढे आमच्या मुलीला शाळेत 'खाऱ्याची' म्हणायला लागले. पण माझ्या बायकोला आळी आजही 'बाई' म्हणते, आणि चण्यांची गोष्ट निघाली की तिची कणव करते, माझ्याशी लग्न केलं म्हणून.

सहकारी स्टेशनवर निघताना गहिवरून म्हणाला, "काय एकोपा आहे रे. सगळे कसे एकत्र हसत होते." त्याने पुढल्या वर्षी विरारच्या फुलपाड्याला फ्लॅट घेतला. तिथे एकाच पंपावरून तीन इमारतींमध्ये मारामाऱ्या व्हायच्या. मला ऑफिसात सांगायचा, "आमच्या मजल्यावर कोण राहतं तेच मला माहीत नाही." मी त्याला म्हणायचो, नशीब समज.

त्या रात्री बायको माझ्याशी बोलली नाही. सकाळी उठून तिने दोन रिकामे हंडे माझ्या पायाशी ठेवले. ठेवून ती चूल पेटवायला लागली. आई पलीकडे बसून भाजी निवडत होती, तिनेही वर पाहिलं नाही. मी हंडे उचलले आणि कुंपणापाशी गेलो. मावशी विहिरीवर होतीच. त्या बाईला दुसरं काम नव्हतं की काय, देव जाणे.

मी कुंपण ओलांडलं. वडिलांच्या त्या भांडणानंतर त्या जमिनीवर आमच्या घरच्या पुरुषाचं पाऊल पहिल्यांदाच पडत होतं.

"काय रे," मावशी म्हणाली. "केळी बघायला आलास?"

"पाणी घेऊ का?" मी म्हणालो.

तिने पोहऱ्याचा दोर माझ्याकडे फेकला. "घे. आणि तुझ्या बायकोला सांग, पुढच्या वर्षी चणे माझ्याकडेच भिजत घाल म्हणावं. तुझ्यावर भरवसा नाही."