झाळेखालची रेघ

जुनं चांदीचं भांडं हातात आलं की लोक आधी नक्षी बघतात. मी ते उलटं करतो. विलायती चमचा असेल तर पाठीवर चालणाऱ्या सिंहाचा ठसा सापडतो, शेजारी गावाची खूण, मग वर्षाचं अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरं. आपल्याकडच्या भांड्यावर बहुतेक वेळा दुकानाचा एकच ठसा असतो, तोही राखेनं घासून अर्धा गेलेला. हे मला कुणी शिकवलं नाही. जुनी चांदी मोडीत घेणाऱ्या उल्हासनगरच्या मोडवाल्यांशी भांडून शिकलो. सुरुवातीला मुलामा दिलेल्या सहा वाट्या चांदीच्या म्हणून घेतल्या होत्या, तेव्हा आठवडाभर घरात कुणाशी बोललो नव्हतो.

ग्रिल आणि शटर बनवायचा धंदा मी शून्यातून उभा केला. त्यातून उरतं ते अंबरनाथ पश्चिमेच्या घरातल्या काचेच्या कपाटात जातं. त्या कपाटाचा एक खण उल्हासनगरच्या एकाच दुकानाच्या मालाचा आहे. माझे वडील त्या दुकानात कामाला होते. मी लहान असतानाच ते गेले. आई सांगायची, "तुझा बाप घडणीचा कारागीर. गुलाबदाणी करावी तर त्यानंच." हातात पैसा आला तेव्हा मी मोठ्या ऐटीत त्या दुकानात गेलो आणि वडिलांची ओळख सांगितली. दुकानाचे सिंधी शेठ हसले. "अरे बेटा, घडणारे वेगळे होते. तुझा बाप पॉलिशला बसायचा."

पॉलिशचं काम हलकं नाही, हे मला कळतं. पण शेठनी चार गिऱ्हाइकांसमोर माझ्या आईला खोटं पाडलं होतं. मी काउंटरवर मूठ आपटली, काच तडकली, आणि त्या काचेचे पैसे भरून बाहेर पडलो. त्या दिवसापासून ते दुकान माझ्या डोक्यातून गेलं नाही.

पुरावा मिळण्यासारखा होता. तिथल्या कारागिरांना नगावर मजुरी मिळे, म्हणून प्रत्येक जण कच्च्या नगाच्या बुडाला टोच्यानं आपली खूण ओढायचा. वडिलांची खूण आईला पाठ होती. तीन उभ्या रेघा, मधली लांब. गिऱ्हाइकानं थेट कारागिराचं घर गाठू नये म्हणून शेठ त्या खुणा पॉलिशमध्ये उडवायला लावत आणि वर दुकानाचा ठसा मारत. पण घाईत एखादी राहून जाई, असं आई म्हणायची. म्हणून त्या दुकानाचा ठसा दिसला की मी नग सोडत नव्हतो. करंडे, पंचपात्री, तबकं, असे अकरा नग जमले. एकावरही खूण नव्हती.

मग एकदा माझा नेहमीचा पॉलिशवाला कौतुकानं म्हणाला, "साहेब, या दुकानाच्या मालाला बुडाला कधी कधी खरवडलेलं असतं. मी बफ मारून साफ करून देतो. तुम्ही जुनं गिऱ्हाईक, त्याचे वेगळे पैसे घेत नाही."

सौदा ठरला की नग काळाच, फडक्यात गुंडाळून, थेट याच्याकडे पाठवायची माझी सवय; काळ्या थरातून ठसा दिसतो, टोच्याची बारीक रेघ नाही. विकणाऱ्यानं चमकलेला बघून भाव वाढवू नये, ही हुशारी. त्या हुशारीनं मी स्वतःच्या पैशानं बापाची खूण पुसून घेत होतो! मी त्याच्यावर इतका ओरडलो, की शेजारच्या दुकानातून लोक पाणी घेऊन आले.

त्यानंतरच्या लग्नसराईत बदलापूर गावात एका गिऱ्हाइकाच्या मुलीच्या हळदीला गेलो. मांडवाच्या तोंडाशी वहिनी, म्हणजे गिऱ्हाइकाची बायको, गुलाबपाणी शिंपडत होत्या. अर्धी गुलाबदाणी माझ्या नव्या शर्टावर. मी चिडून वर बघितलं, तर गुलाबदाणीच्या कडेला तो ओळखीचा ठसा. मी त्यांच्या हातातून ती काढून घेतली आणि उलटी केली. उरलेलं पाणी माझ्या बुटात गेलं.

"अहो भाऊ, डोक्यावर पडलात काय?"

"एक मिनिट, वहिनी."

तिची खालची बैठक आतून पोकळ आणि काळीकुट्ट होती, तिथं कधी कुणाचं बोट पोचलं नसणार. मोबाईलचा उजेड टाकला. तीन उभ्या रेघा. मधली लांब. मी तिथेच हसायला लागलो, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते गुलाबपाणी म्हणून खपून गेलं.

"बोला, कितीला देता?"

"सासूबाईंची आहे. इकायला नाय."

मी बोली तीनदा वाढवली. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्यानं भाव केलाच नाही. शेवटी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी पदराला हात पुसले. "लग्न उरकू दे. मंगळवारी जाऊ त्या दुकानात. पण ती माझ्या मांडीवर राहील. तुमचा काय भरवसा?"

मंगळवारी गेलो. शेठ आता म्हातारे झालेत, पण जीभ तशीच. भिंग लावून त्यांनी खूण बघितली आणि गुलाबदाणी परत सरकवली. "पॉलिशवालेपण ओरखडे काढायचे, साईं. इससे क्या होता है?"

माझ्या कानशिलात रक्त चढलं. पण काच नवी होती आणि वहिनी बघत होत्या. मी भिंग घेऊन पुन्हा वाकलो. बैठक वरच्या भांड्याला जिथे झाळून जोडली होती, तिथे वितळवून भरलेल्या झाळेची बारीक कड होती. दोन रेघा कडेच्या अलीकडे संपत होत्या. मधली मात्र झाळेच्या खाली शिरली होती.

"शेठ, झाळ आधी की पॉलिश आधी?"

"झाळ. हे काय विचारणं झालं?"

"मग ही रेघ झाळेखाली कशी?"

जोडणी व्हायच्या आधी तो नग फक्त घडणाऱ्याच्या हातात असतो. शेठनी भिंग डोळ्याला लावलं, बदललं, उजेडाकडे वळून पुन्हा बघितलं. वहिनी तेवढ्यात जोडव्यांच्या भावावरून नोकराला घाम फोडत होत्या.

"तुझ्या बापानंच घडवली," शेठ शेवटी म्हणाले. "हात सफाईचा होता."

"परत बोला."

"ऐकलं ना एकदा?" वहिनी म्हणाल्या. "आता यांना सांगा, जोडव्यांची मजुरी सोडा."

मजुरी मी सोडवून घेतली, पूर्ण. मग दुकानाच्या पायरीवरून आईला फोन लावला आणि झाळेपासून शेठपर्यंत सगळं एका दमात सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. "म्हणजे इतकी वर्षं तुला वाटत होतं, मी खोटं सांगतेय?"