माती परत घ्यायला गेलो होतो

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही. पलटणीत असताना मढ्यांशेजारी बसून चहा प्यायलोय मी... तरी हे लिहितोय. यातल्या न उलगडलेल्या भागाची मला फारशी भीती वाटत नाही, उलगडलेल्या भागाचीच वाटते.

लढाई संपली, त्याच्या पुढचा उन्हाळा. मी कडेगावजवळचा, घरी ऊस. माझा दोस्त बिरू माणदेशातला मेंढपाळ, खानापूरच्याही पूर्वेला सहा-सात मैल आत त्याची वाडी. ब्रह्मदेशात आम्ही दोघं एकाच सेक्शनमध्ये. माघार घेताना बिरूच्या मांडीत गोळी घुसली. मी त्याला बांबूच्या बेटात टेकवलं, "आलोच" म्हणालो आणि पळालो. परत गेलो नाही.

पलटणीनं त्याला बेपत्ता ठरवलं. त्याच्या आईनं मास्तरांकरवी मला पत्र धाडलं — पोरगं जिवंत हाय का? मी उत्तर लिहिलं: माझ्यासमोर गेला, मीच या हातांनी माती दिली. वाटलं, म्हातारीचं वाट बघणं तरी संपेल. खरं म्हणजे मला कुणी काही विचारायला नको होतं.

आणि एक दिवस बिरूचं कार्ड आलं! कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. तो जपान्यांच्या कैदेतून सुटून घरी पोचला होता. पण माझ्या पत्रावर विसंबून घरच्यांनी कणकेचा बिरू करून त्याला माती दिली होती, दहावा उरकला होता. त्यांच्या वाडीची रीत अशी, की माती दिलेला दारात आला तर तो माणूस नव्हे. त्याला हाक मारायची नाही, पाणी द्यायचं नाही. ज्यानं पहिली माती दिली म्हणून सांगितलं, म्हणजे मी, त्यानं येऊन "माती परत घेतली" म्हणायचं, मगच आईनं त्याचं नाव घ्यायचं. कार्डाच्या शेवटी होतं — गड्या, लवकर ये.

मी तीन आठवडे काढले. गुऱ्हाळ चालू होतं हे सांगायचं कारण. खोटा पडायची लाज वाटत होती हे खरं.

विट्याहून कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं मला अकराच्या सुमाराला फाट्यावर सोडलं. बाभळीखाली बिरू उभा. खांद्यावर घोंगडं, नुसता हाडांचा सापळा, पण तोच. मी मिठी मारली. अंग चांगलं गरम लागलं.

"लय वाट बघितली रं," तो म्हणाला.

"चुकलं माझं."

"आता सांगशील न्हवं? आईम्होरं?"

"सांगतो. आईची शपथ."

माझी मिलिटरीची पाण्याची बाटली त्यानं आपल्या खांद्याला अडकवली. तो लंगडत पुढं, मी मागं. मला तहान लागली की बाटली पुढं करायचा. "तू पी की," म्हटलं, तर म्हणाला, "न्हाई. आईच्या हातचंच पिनार." वाडी दिसली तेव्हा मी बाटली उलटी करून शेवटचा घोट घेतला आणि रिकामी त्याच्याकडं दिली.

मेंढरांच्या वाडग्याच्या काटेरी कुंपणापाशी तो थांबला. "म्या हितं हाय. आईनं नाव घेतलं की येतो."

म्हातारी दारातच बसली होती, वाडग्याकडं पाठ करून. मी नाव सांगताच तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले, डोळ्यांना लावले.

"ह्येच हात! ह्याच हातांनी माज्या लेकराला माती दिलीस बाबा..."

"आई, त्याच्यासाठीच आलोय मी..."

"थांब, आदी माजं ऐक. एक भूत आलतं रं. बिरूचं तोंड घिऊन, लंगडत. आठ दिस त्या वाडग्यापाशी बसलं. आई, पानी दे, म्हनायचं. म्या कानात बोळं घातलं. आठव्या दिशी गप झालं. गड्यांनी वढ्यात न्हिऊन वर धोंडं रचलं. पंधरा दिस झालं." तिनं माझी मनगटं घट्ट धरली. "त्यो माजा बिरू न्हवता न्हवं? तू माती दिलीस न्हवं?"

मी वर बघितलं. कुंपणाला हात टेकून बिरू उभा होता. ऐकत होता.

"न्हाई आई," मी म्हणालो. "म्या दिलीया माती. ते भूतच हुतं."

खरं कळलं असतं तर म्हातारी तिथंच गेली असती, असं मी आजवर स्वतःला सांगत आलोय. ते खोटं नाही. पण बांबूच्या बेटातली गोष्ट बाहेर पडली नाही म्हणून मला त्या क्षणी हायसं वाटलं, हेही खोटं नाही. ती पोटभर रडली, मग माझ्याबरोबर बसून भाकरी खाल्ली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा घास गोड लागला म्हणाली.

बाहेर आलो तर कुंपणापाशी कुणी नव्हतं. कुंपणाच्या मेढीला माझी बाटली अडकवलेली. काठोकाठ भरलेली, पाणी गारेगार. त्या बाजूला आड नाही, रांजण नाही, ओढा कोरडा.

ओळखीचे डॉक्टर म्हणतात, ऊन लागलं असेल. असेलही. पण मग बाटली कुणी भरली?

फाट्यापर्यंत परत तेवढंच अंतर होतं आणि ऊन तसंच होतं. ते पाणी मी सगळं प्यालो.