शरीराची कोणतीही ऐच्छिक हालचाल

पेटंटचे मसुदे लिहिणाऱ्या त्या बाईंना कार्यालयात सगळे 'ऐसपैस' म्हणत. सॉफ्टवेअर केवढेसे का असेना, त्यावरचा दावा त्या इतका रुंद मांडत की शेजारून कुणाला अंग चोरूनही जाता येऊ नये. नऊ वर्षांपूर्वी एका खेळण्यांच्या कंपनीचे काम आले. पडद्यावर अक्षरे सरकतात, मूल बोट टेकवते, अक्षर निवडले जाते. 'बोट' बाईंना फार कोते वाटले. ते खोडून त्यांनी लिहिले, 'शरीराची कोणतीही ऐच्छिक हालचाल'. साहेबांनी पाठ थोपटली.

पुढे कंपनी बुडाली. पेटंट मात्र देशोदेशी विकले गेले आणि अखेर अशा मालकाकडे पोचले, ज्याने आयुष्यात एकही वस्तू घडवली नव्हती.

दरम्यान बाईंच्या वडिलांचे, नानांचे, अंग लुळे पडले. वाचा गेली, एक पापणी तेवढी उरली. थोरल्या भावाने तिच्या उघडझापीवर पडद्यावरची अक्षरे निवडणारा प्रोग्रॅम लिहिला. नानांचे पहिले वाक्य त्याच्याचसाठी होते : 'दाढी कर.' घर हसून हसून रडले. भावाने तो प्रोग्रॅम अशाच रुग्णांच्या तीनशे घरांना फुकट दिला.

मग परदेशातून एका पेटंट-मालकाची नोटीस आली : प्रोग्रॅम बंद करा, सर्व प्रती पुसा.

"तुझ्याच धंद्यातला कागद आहे," भाऊ म्हणाला. "काढ पळवाट."

तिसऱ्या ओळीवर बाई थांबल्या. वाक्य स्वल्पविरामासकट ओळखीचे होते.

"पळवाट नाहीये, दादा."

"अगं, कुठल्या तरी शहाण्याने फट ठेवलीच असेल!"

"नाही ठेवली. मीच लिहिलंय हे."

तो हसला. मग बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला. "पापणीसुद्धा?"

"पापणीसुद्धा."

परक्या न्यायालयात लढायला वर्षे लागली असती, आणि वकिलांची फौज. कोपऱ्यातल्या खाटेवरून नाना सारे ऐकत होते. आठवड्याने भावाने तीनशे घरांना दोन ओळींचे पत्र धाडले आणि प्रोग्रॅम बंद केला.

दुपारी बाई खाटेशी बसल्या. माणसाने तोंडाने अक्षरे म्हणण्यावर अजून कुणाचा दावा नव्हता.

"नाना, मी म्हणते. हव्या त्या अक्षराला पापणी मिटा हं. अ… आ… इ…"

नाना उघड्या डोळ्याने त्यांच्याकडे पाहत राहिले. बाई 'ज्ञ'पर्यंत गेल्या, पुन्हा 'अ'पासून आल्या. पापणी लवली नाही. तिसऱ्यांदा 'अ' म्हणताच मात्र ती मिटली, आणि मिटलेलीच राहिली.

नाना झोपलेले नव्हते. ती हालचाल ऐच्छिक होती, हे बाईंना कुणी सांगायला नको होते.