दादाचं पुठ्ठे पाडायचं मशीन

चादरीवर मोर उमटवायचा तर मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरावी लागते. ती भोकं पाडून द्यायचं काम माझा थोरला भाऊ करायचा. दादा कॉम्प्युटरवर नक्षी काढायचा, शेजारचं मशीन खाडखाड पुठ्ठे छेदायचं आणि मी ते ओळीनं दोऱ्यात ओवायची. वळसंगची शेती सोडून आम्ही सोलापुरात आलो ते याच मशीनच्या भरवशावर.

मशीनला कॉम्प्युटरशी जोडणारी केबल जाडजूड होती. टोकाला पिनांच्या दोन ओळी, दोन्ही बाजूंना स्क्रू. तेव्हा प्रिंटरलाही तसलीच असायची. मग ती चपटी, लहान यूएसबी आली. आधी माऊसला, मग प्रिंटरला, पुढे जो तो पेनड्राइव्ह खिशात घालून हिंडू लागला. आमचं काम व्यवस्थित चाललं होतं. आम्ही कशाला बघतोय?

आमचा कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा दुकानदारानं नवा दाखवला. दादा त्याच्या मागच्या बाजूवर बोट फिरवत राहिला.

"ह्याला आमची केबल कुटं लावायची?"

"ती आता येत न्हाय, काका. कुणी मागतच न्हाय की."

जोडणी बदलून देणारा कन्व्हर्टर आणला. त्याचा दिवा लागायचा, मशीन हलायचं नाही. शेवटी बार्शीच्या एका शाळेनं भंगारात काढलेला, आमची केबल बसणारा जुना कॉम्प्युटर दादानं एसटीतून मांडीवर ठेवून आणला. मशीन पुन्हा खाडखाडलं, त्या दिवशी वहिनीनं शिरा केला.

तोवर कारखान्यांतले मागच बदलले होते. आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक, शहराच्या पूर्व भागातले एक तेलुगू कारखानदार, आले आणि त्यांनी टेबलावर पेनड्राइव्ह ठेवला.

"डिझाइन ह्याच्यात द्या, मास्तर. नव्या मागाला पुठ्ठे लागत न्हाईत."

"पुठ्ठे तयार हायेत की. बहिणीनं ओवून ठेवलेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "तुमच्यासारखा मोर दुसरं कोण काढतंय? फक्त ह्याच्यात द्या."

दादा हट्टी नव्हता. त्या वयात नवा प्रोग्राम शिकला, मोर पिसापिसानं पुन्हा काढला आणि पेनड्राइव्हवर दिला. थोड्याच दिवसांत तोच मोर बाजारात तीन-चार कारखान्यांच्या चादरींवर दिसला. पुठ्ठ्यांचं ओझं कुणी पळवत नसे. ही चिमुकली वस्तू मात्र कुठल्याही कॉम्प्युटरला बसत होती, म्हणून तर सगळ्यांनी ती घेतली होती. कारखानदार शपथेवर म्हणाले, "मी दिलं न्हाय, मास्तर." खोटं बोलत असावेत असं मला वाटलं नाही. नक्षी कुणाच्या हातून गेली, ते कळायला मार्गच नव्हता.

नक्षी फुकट मिळू लागल्यावर आमच्याकडे कुणी काम आणेना. मशीन भंगारात गेलं. दादा आता एका दुकानात गिऱ्हाइकांना चादरी उलगडून दाखवतो. परवा डबा द्यायला गेले तेव्हा विचारलं, "नवं काही काढतोस का रे?"

"कुणासाठी?" तो म्हणाला, आणि समोरच्या बाईंना विचारू लागला, "सिंगल दाखवू का डबल?"

मी डबा काउंटरखाली ठेवला आणि निघाले.