दादांची डावी बाजू

माझं कन्यादान माझ्या वडिलांनी केलं नाही.
मी करू दिलं नाही.

आज दादांना जाऊन साठ वर्षं झाली. हे मी मुलांनासुद्धा कधी सांगितलं नाही. नात टाइप करून देतेय, तीही आत्ताच ऐकतेय.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दारव्ह्याच्या कचेरीत कारकून होते. अक्षर इतकं सुरेख की लोक अर्ज लिहून घ्यायला घरी यायचे.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी दादा सायकलवरून पडले. डोकं पुलाच्या कठड्यावर आपटलं. तीन दिवस शुद्ध नव्हती.

मग शुद्धीवर आले. बोलू लागले, चालू लागले, सगळ्यांना नावानं ओळखलं. आईनं मारुतीला नारळ फोडला.

आणि एक दिवस जेवताना आईवर ओरडले, "चटणी काहून नाही वाढली?"

चटणी ताटातच होती. डावीकडे.

आईनं ताट फिरवलं. दादा चटणीकडे बघतच राहिले.

हळूहळू लक्षात येत गेलं. दाढी उजव्या गालाचीच करायचे. कागदावर मधूनच लिहायला सुरुवात, डावा अर्धा भाग कोरा.

डावीकडचा पेला दाखवला की दिसायचा, पण हात वीतभर अलीकडेच पडायचा.

"मले दिसते सुमे," ते म्हणायचे, "पन हात भलतीकडंच जाते."

डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, नजर साफ आहे.

मग गावानं आपलं निदान केलं. दारूबंदीचे दिवस होते. "बाबू लपूनछपून घेते," लोक म्हणायचे. दादांनी जन्मात सुपारी खाल्ली नव्हती.

मला हे ठाऊक होतं.
तरी मला त्यांची लाज वाटायची. सतरा वर्षांची होते, हे काही excuse नाही.

मला बघायला पहिलं स्थळ आलं. मुलाचे वडील दादांच्या डावीकडे बसले. त्यांनी हात जोडले, दादांनी मानसुद्धा वळवली नाही. मग चहा पुढे करताना कप त्यांच्या धोतरावर.

नकार आला. मी दादांना म्हणाले, "तुमच्यापायी माहं लग्न होत नाही आता."



दुसरं स्थळ मारेगावचं, मुलगा मास्तर. ते लोक येणार त्या दिवशी मी हट्टानं दादांना आर्णीला आत्याकडे पाठवायला लावलं. लग्न जमलं.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यातली सकाळ. दादा आणि आई मागच्या अंगणात बसले होते. आईनं ओंजळ धरलेली, दादांच्या हातात तांब्या. कन्यादानाचं पाणी सोडायचा सराव चालला होता.

"मान फिरवा. अजून. अजून थोडी."

धार जमिनीवर. पुन्हा जमिनीवर. आईचं लुगडं भिजलेलं. आणि मग एकदा बरोबर ओंजळीत.

"पाह्य, जमलं!" दादा हसले. अपघातानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मी दारातून हे सगळं बघितलं.
आणि तशीच काकांकडे गेले. म्हटलं, "काका, कन्यादान तुमीच करा. दादाच्या हातून चारचौघात शोभा होईन."

काकांनी त्यांना सांगितलं. दादा एवढंच म्हणाले, "बरं."

लग्न लागल्यावर सासरी निघताना बसपाशी मी दादांजवळ गेले. म्हटलं, "दादा, येते." बँड जोरात वाजत होता. ते दुसरीकडेच बघत राहिले.

मला वाटलं, रागानं तोंड फिरवलं. मग मीही फिरवलं. नमस्कार न करता बसमध्ये चढले.

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा दादा म्हणाले, "बाई, भेटून तरी जायचं होतं. मी तुले किती शोधलं."

मला वाटलं, टोमणा मारतात. मी उठून आत गेले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत दादा गेले.

आठ वर्षांपूर्वी माझ्या मिस्टरांना stroke आला. नागपूरच्या डॉक्टरनं त्यांच्यापुढे रेघांनी भरलेला कागद ठेवला आणि सगळ्या रेघा खोडायला सांगितल्या. त्यांनी उजवीकडच्याच खोडल्या. म्हणाले, झालं.

डॉक्टर म्हणाली, "काकू, डोळे चांगले आहेत. मेंदूला मार बसलाय. डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. ते मुद्दाम करत नाहीत, रागावू नका त्यांच्यावर."

मला बसपाशी उभे असलेले दादा दिसले. मी त्यांच्या डाव्या हाताला उभी होते.

बाहेर येऊन बाकावर बसले आणि खूप रडले. मुलगा म्हणाला, "आई, बाबा होतील बरे." त्याला काय सांगणार, मी कोणासाठी रडतेय.

मिस्टरांची मी पाच वर्षं सेवा केली. एकदाही आवाज चढवला नाही. लोकांनी कौतुक केलं. मला ते ऐकवत नव्हतं.

दादा, तुम्ही तोंड फिरवलं नव्हतं. फिरवलं ते मी.

माफी मागायला फार उशीर झाला, तरी मागते.
तुमच्या सुमीचा, राहून गेलेला नमस्कार.